दोनदा दिलेलं बिल

मुंजाजी खिल्लारेंनी आयुष्यात एकदाच एका जेवणाचे पैसे दोनदा दिले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या बायकोनं, जनकाबाईनं, त्यांच्याशी आठ दिवस धड बोलणं ठेवलं नाही.

मुंजाजी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. राहायला नरसी नामदेवला. जनकाबाईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वाशीमला झालं, त्या रात्री दोघं तिथंच राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढून, काळा चष्मा लावून, हिंगोलीच्या गाडीत बसले. मार्च संपत आला होता. ऊन अकरालाच चटके देत होतं.

कनेरगाव नाक्यावर गाडीच्या मागच्या चाकातून जळका वास यायला लागला. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. घंटाभरात मागची गाडी येईल, तिच्यात बसवून देतो, असं कंडक्टरनं सांगितलं. काही लोक जीप बघून निघून गेले. जनकाबाईला जेवून गोळी घ्यायची होती, म्हणून हे दोघं समोरच्या ढाब्यात शिरले.

दोन भाकरी, शेवभाजी, ठेचा, एक वाटी दही. बिल झालं दोनशे ऐंशी. गल्ल्यावर खर्रा चघळत एक मिशीवाला माणूस बसला होता. मुंजाजींनी त्याला एक दोनशेची आणि एक शंभराची नोट दिली. त्यानं वीस रुपये परत दिले.

"पावती?" मुंजाजींनी सवयीनं विचारलं.

"इथं पावती न्हाई राहत काका. चला, मागं लोक हायत."

दोघं बाहेर येऊन लिंबाखालच्या बाकड्यावर बसले. जनकाबाईनं गोळी घेतली. मुंजाजींनी तिच्या डोळ्यात थेंब टाकले, बाटली पिशवीत ठेवली. पाऊण घंटा गेला. मिशीवाला कुठंतरी निघून गेला आणि गल्ल्यावर दुसरा माणूस येऊन बसला. पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी. हा ढाब्याचा मालक, प्रभू. त्यानं वाढप्याला काहीतरी विचारलं, वाढप्यानं बाहेर बोट केलं, आणि प्रभू तिथूनच ओरडला,

"ओ बाबा! जेवले ना तुमी? पैसे कोण देणार?"

मुंजाजींना वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय. त्यांनी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"देले की," ते उठून म्हणाले. "गल्ल्यावर मिशीवाले बसले होते, त्यांच्या हातात देले. वीस वापसही घेतले."

"तो माझा मेहुणा हाय. त्यानं गल्ल्यात टाकले असते तर दिसले नसते का?"

"मंग त्यांनाच बोलवा."

प्रभूनं फोन लावला. दोन वाक्यं झाली. फोन ठेवून तो म्हणाला, "न्हाई म्हणून राहिला. चार नंबरच्या टेबलाचे पैसे आलेच न्हाईत म्हणतो."

"खोटं बोलून राहिला तो."

"म्हणजे माझा मेहुणा चोर, अन तुमी साव?"

हे बोलणं चालू असतानाच प्रभू बाहेर आला आणि बाकड्यावरची पिशवी त्यानं उचलली. जनकाबाईच्या मांडीला टेकून ठेवलेली पिशवी. तिला एका डोळ्यानं धुरकट दिसत होतं. आधी तिला वाटलं, नवऱ्यानंच उचलली.

"पैसे देईस्तोर पिशवी इथं राहील," प्रभू म्हणाला.

"अरे, माझे डोळ्याचे थेंब हायत त्यात! दवाखान्याची फाईल हाय!"

"बघू काय काय हाय ते." आणि त्यानं पिशवी आत नेऊन गल्ल्यावर उलटी केली.

फाईल पडली. थेंबाची बाटली घरंगळली. टॉवेल, कंगवा, रात्री बदललेलं लुगडं, परकर, चोळी. सगळं त्या तेलकट फळीवर, बडीशेपेच्या वाटीशेजारी. जेवणारे सात-आठ लोक माना वळवून बघत होते. एक जण मोबाईल समोर धरून उभा होता. जनकाबाई चाचपडत आत गेली आणि तिनं आधी परकर उचलून पदराखाली घेतला. मुंजाजी प्रभूच्या अंगावर धावले, तर दोन वाढप्यांनी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं.

"हात लावू नका! म्या कोण हाय माहीत हाय का?"

"फुकट जेवणारे हायत तुमी, अजून कोण!" कुणीतरी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसले.

तेवढ्यात मागची गाडी आली. तिच्यावर रुपा नावाची कंडक्टर होती. मुंजाजींच्या शेवटच्या वर्षी ती नोकरीला लागली होती, पहिले पंधरा दिवस त्यांच्याच हाताखाली शिकली होती. बंद पडलेल्या गाडीचे प्रवासी चढले. रुपानं ढाब्याकडं बघितलं आणि ती खाली उतरून धावत आली.

"साहेब, काय झालं? चला ना, गाडी उभी हाय."

"पैसे देल्याबिगर कुठंच जाणार न्हाईत हे," प्रभू तिला म्हणाला. त्याची दोन माणसं दरवाजात उभी राहिली.

मुंजाजींनी गाडीकडं बघितलं. खिडक्या-खिडक्यांतून डोकी बाहेर आलेली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पाच मिनिटं झाली, सात झाली. एकतीस वर्षांत त्यांनी आपल्यासाठी गाडी कधी थांबवली नव्हती. आई वारल्याचा निरोप सेनगावच्या स्टँडवर आला तेव्हाही फेरी पूर्ण करून ते घरी गेले होते. आणि आता पन्नास माणसं उन्हात त्यांच्यासाठी तिष्ठत होती. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, दोनशे ऐंशी रुपये मोजले आणि गल्ल्यावर ठेवले. मोबाईलवाला आणखी जवळ सरकला.

"हां," प्रभू म्हणाला. "आता कसं निघाले?"

हिंगोलीच्या स्टँडवर उतरल्यावर जनकाबाईनं काळा चष्मा सारखा केला आणि विचारलं,

"पैसे काहून देले?"

"गाडी उभी होती."

"उभी राहिली असती! तुमी काय डेपो मॅनेजर हायत? माझा परकर त्यानं लोकाच्या समोर झटकला, अन तुमाला गाडीची पडली?"

"तुला उन्हात किती येळ बसवू? डॉक्टरनं काय सांगितलं होतं?"

"म्या रातभर बसले असते. दुसऱ्यांदा पैसे देले म्हणजे पहिल्यांदा देलेच न्हाईत असं झालं. तुमी आपल्या हातानं सही करून आले."

तिचं बराबर होतं, हेच मुंजाजींना जास्त झोंबलं.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. नाक्यावरच्या धंदेवाल्यांच्या एका ग्रुपवरून निघून तो हिंगोलीत, तिथून नरसीत. त्यात पिशवी उलटी केलेली नव्हती. दंडाला धरून ओढलेलं नव्हतं. मुंजाजी पाकीट काढून पैसे मोजतात, आणि मागं काळ्या चष्म्यातली बाई पदर सावरत उभी आहे, एवढंच होतं. वर लिहिलेलं: "फुकटचं खाऊन पळणारी जोडी. सगळ्या ढाबेवाल्यांनी ओळखून ठेवा."

चौकात चहाला गेले तर ग्यानोबा नावाच्या शेजाऱ्यानं हसत विचारलं, "काय मुंजाजीभाऊ, नाक्यावरचं जेवण कसं होतं?" तो बिचारा गमतीनंच म्हणाला. मुंजाजी चहा तसाच ठेवून घरी आले आणि दार लावून बसले. त्यांना झोप येईना. प्रभूच्या तोंडावर म्हणायची वाक्यं ते अंथरुणात जुळवत राहायचे, आणि सकाळी ती सगळी निरुपयोगी वाटायची.

जनकाबाईनंच त्यांना उठवलं. "घरात बसून दात खाऊन काय होतं? चला ठाण्यावर."

ठाण्यातल्या जमादारानं सगळं ऐकलं, अर्ज बाजूला सरकवला. "दोनशे ऐंशी रुपयांसाठी गुन्हा दाखल करायचा का काका? आणि शेवटी तुम्ही पैसे दिलेच ना? म्हणजे तुम्हीच मान्य केलं. हा दिवाणी मामला आहे. जाऊ द्या, व्हिडिओ काढून टाकायला सांगतो त्याला."

बाहेर आल्यावर जनकाबाई नवऱ्याकडं बघून फक्त म्हणाली, "ऐकलं?"

जिल्हा न्यायालयाच्या आवारात बाईमाणसाला फुकट वकील मिळतो, हे रुपानं फोनवर सांगितलं. तिला तो दिवस विसरता येत नव्हता. मीच साहेबांना चला चला म्हणाले, असं ती पुन्हा पुन्हा म्हणायची. नवव्या दिवशी दोघं तिथं गेले. विधी सेवेच्या खोलीत अ‍ॅडव्होकेट साधना बसल्या होत्या. पस्तिशीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"काका, आता एक करा. तुम्ही आधी पैसे दिले होते हे घटकाभर विसरा. समजा, दिलेच नव्हते."

मुंजाजी ताडकन उठले. "म्या देले होते! तुमीबी तेच म्हणून राहिल्या?"

"बसा. मला माहीत आहे, दिले होते. पण मी विचारते ते ऐका. नसते दिले, तरी त्याला काकूंची पिशवी घ्यायचा हक्क होता का?"

मुंजाजी बसले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. नऊ दिवस ते एकच गोष्ट जगाला पटवत फिरत होते, की मी पैसे दिले होते. आणि एकदम त्यांना स्वतःचीच एक गोष्ट आठवली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका विनातिकीट माणसाची छत्री त्यांनी ठेवून घेतली होती, दंड भर आणि ने म्हणून. डेपोच्या साहेबांनी त्यांना समोर उभं करून झापलं होतं. तिकीट नसेल तर दंडाचा नियम आहे, नाही भरला तर पोलीस आहेत. छत्री तुझ्या बापाची नाही. ते त्यांनी जन्मभर पाळलं. पुढं कितीतरी विनातिकीट माणसं पकडली, पण कुणाच्या गाठोड्याला हात लावला नाही. आणि स्वतःच्या बायकोच्या गाठोड्याची वेळ आली तेव्हा तो नियम त्यांच्या तोंडून निघाला नाही.

"न्हाई," ते हळू म्हणाले. "हक्क न्हाई."

"नाहीच. पैसे आले नाहीत असं त्याला वाटत होतं तर त्यानं तुमचं नाव-गाव लिहून घ्यायचं होतं, पोलिसांना बोलवायचं होतं, नाहीतर कोर्टात वसुलीचा दावा लावायचा होता. झडती घ्यायचा अधिकार ढाबेवाल्याला नाही. बाईची झडती तर पोलिसातला पुरुषसुद्धा घेऊ शकत नाही. तुम्हाला दंडाला धरून अडवलं, दरवाजा अडवला, तो गुन्हा आहे. पिशवी अडकवून पैसे काढले, ती जबरदस्ती. व्हिडिओ टाकून चोर ठरवलं, ती बदनामी. आणि गिऱ्हाईक म्हणून ग्राहक आयोगात तक्रार वेगळी. तिथं एवढ्या रकमेला फीसुद्धा लागत नाही."

"पण ह्यांनी तर पैसे देऊन टाकले," जनकाबाई म्हणाली. नऊ दिवस ती तेच घेऊन बसली होती.

"अडवून घेतलेले पैसे म्हणजे कबुली नसते काकू. सुटका करून घ्यायला दिले त्यांनी. कुणीही दिले असते."

त्यानंतर जनकाबाईनं नवऱ्याला त्यावरून परत टोकलं नाही.

"ढाब्यात कॅमेरा होता?" साधनाताईंनी विचारलं.

"गल्ल्याच्या वर होता," मुंजाजी म्हणाले. "म्या बघितला."

"मग घाई करायला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी पंधरा दिवसांनी जुनं पुसून जातं."

त्याच दुपारी तीन कागद झाले. एक अर्ज पोलीस अधीक्षकांना, ठाण्यानं तक्रार घेतली नाही म्हणून. एक ठाण्याला, कॅमेऱ्याचं चित्रण ताब्यात घ्या म्हणून. एक नोटीस प्रभूला, त्या दिवसाचं चित्रण पुसलं तर पुरावा नष्ट केला असं धरलं जाईल म्हणून. तिन्ही रजिस्टर पोस्टानं. मुंजाजींनी पोस्टाच्या पावत्या शर्टाच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि रस्ताभर तिथं हात लावून बघत राहिले.

तेराव्या दिवशी ठाण्यातून फोन आला. या वेळी जमादारानं खुर्ची दिली. रुपा रजा टाकून आली आणि तिनं जे बघितलं ते जसंच्या तसं सांगितलं. गुन्हा दाखल झाला. पोलीस नाक्यावर जाऊन कॅमेऱ्याचा डबा घेऊन आले.

चित्रण दोघांना दाखवलं, तेव्हा साधनाताई सोबत होत्या. पडद्यावर मुंजाजी दोन नोटा देताना स्पष्ट दिसत होते. मिशीवाल्यानं वीस रुपये परत दिले, ते दोघं बाहेर गेले, आणि त्यानं त्या दोन नोटा दुमडून स्वतःच्या खिशात घातल्या. गल्ला उघडलाच नाही. मुंजाजींना वाटलं होतं, हे दिसलं की मोकळं वाटेल. पण पुढचंही दिसत राहिलं. पिशवी उलटी होताना. जनकाबाई एका डोळ्यानं चाचपडत कपडे गोळा करताना. त्यांनी तोंड फिरवलं. जनकाबाई मात्र शेवटपर्यंत बघत राहिली.

"हे त्या व्हिडिओत काहून न्हवतं?" ती म्हणाली. जमादारानं खाली बघितलं.

चार दिवसांनी प्रभू नरसीला घरी आला. सोबत पेढ्याचा पुडा आणि गावातला एक वजनदार माणूस. ओट्यावर बसून त्यानं हात जोडले.

"काकू, चूक झाली. मेहुण्यानं पैसे खाल्ले. त्याला म्या धंद्यावरून काढलं. तुमी पैसे देले होते हे मला काय माहीत? आता समजलं. हे पाच हजार ठेवा, अन केस तेवढी मागं घ्या."

मुंजाजी काही बोलणार, तोच जनकाबाई आतून बाहेर आली. चष्मा आता नव्हता. तिनं प्रभूकडं नीट, दोन्ही डोळ्यांनी बघितलं.

"आमी पैसे देले होते म्हणून माफी मागून राहिला तू?"

"व्हय काकू."

"अन नसते देले, तर?"

प्रभूला कळलं नाही. त्यानं सोबतच्या माणसाकडं बघितलं.

"म्या विचारून राहिले, नसते देले तर? एखाद्याचं पाकीट मारलं गेलं, एखाद्याजवळ दहा रुपये कमी पडले. मंग त्याच्या बायकोचे कपडे फळीवर टाकायचा परवाना हाय का तुझ्याजवळ? माझ्या डोळ्याचे थेंब ठेवून घ्यायचा परवाना हाय? दाखव मला!"

"काकू, रागाच्या भरात—"

"राग मला यायला पाहिजे! तुला कशाचा राग? दोनशे ऐंशीचा?" तिचा आवाज गल्लीत पोचला. शेजारच्या ओट्यांवर माणसं उभी राहिली. "तुझी माय असती त्या बाकड्यावर, अन दुसऱ्यानं तिचा परकर झटकला असता, तर तू पाच हजारात मिटवलं असतं का? सांग ना! उचल तो पुडा."

सोबतचा माणूस म्हणाला, "बाई, एवढं ताणू नये. गावागावाचे संबंध राहतात."

"तुमी त्या दिवशी न्हवते तिथं," मुंजाजी म्हणाले. "आज काहून आले?"

प्रभू पुडा घेऊन गेला. दोन दिवसांनी त्यानं माफीचा व्हिडिओ टाकला. पाच-पन्नास लोकांनी बघितला. पहिला जिल्हाभर फिरला होता, आणि अजूनही कुणाच्या तरी मोबाईलवर असेलच. लग्नाला गेलं की एखादा माणूस मुंजाजींकडं जरा जास्त वेळ बघतो, आणि मग ते त्याच्याकडं जाऊन सरळ विचारतात, "तो व्हिडिओ बघितला का? बसा, सांगतो." आणि पूर्ण सांगितल्याशिवाय त्याला उठू देत नाहीत. लोकांना कंटाळा येतो. येऊ द्या, मुंजाजी म्हणतात.

ग्राहक आयोगाचा निकाल अकरा महिन्यांनी लागला. दुसऱ्यांदा घेतलेले दोनशे ऐंशी रुपये परत, मनस्तापाचे पंधरा हजार, खर्चाचे तीन हजार. आदेशात एक ओळ होती: बिलाबाबत वाद असला तरी ग्राहकाला अडवून ठेवण्याचा किंवा त्याच्या सामानाची झडती घेण्याचा अधिकार व्यावसायिकाला नाही. मुंजाजींनी ती ओळ जनकाबाईला तीनदा वाचून दाखवली. त्या पानाच्या झेरॉक्स काढून त्यांनी डेपोत, चहाच्या टपरीवर, ग्यानोबाच्या हातात, सगळीकडं दिल्या.

फौजदारी खटला अजून चालू आहे. तारीख असली की दोघं सकाळच्या गाडीनं कोर्टात येतात, दहाच्या आत व्हरांड्यात बसतात. परवाच्या तारखेला प्रभू साडेअकराला आला. नाव पुकारून झालं होतं, आणि न्यायाधीशांनी त्याला उशिराबद्दल चांगलंच सुनावलं. बाहेर आल्यावर तो घाम पुसत त्यांच्यासमोर उभा राहिला.

"काकू, वर्ष झालं. धंदा सोडून येऊ येऊ मी थकलो. आयोगानं सांगितले ते पैसे भरले. आता तरी काढून घ्या."

जनकाबाईनं डब्यातली भाकरी मुंजाजींच्या हातावर ठेवली, स्वतः एक तुकडा मोडला.

"सोळा तारीख देली हाय," ती म्हणाली. "येळेवर ये."